रंगाखाली सागवान आहे म्हणून कपाट घेतलं, २२,०४० रुपये गेले

दोन आठवडे झाले पण अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो. दुसऱ्या कोणाचे पैसे वाचले तर वाचले.

आम्ही जळगावला नवीन फ्लॅट घेतला. चोपड्याकडे गावच्या घरात आजीचं सागवानी कपाट होतं, वाटणीत ते काकांकडे गेलं, तेव्हापासून आम्हा दोघांच्या मनात होतं की तसंच एक जुनं कुठे मिळालं तर घ्यायचं. नवीन सागवानाचा भाव एकदा विचारून बघा म्हणजे कळेल आम्ही जुन्याच्या मागे का लागलो. भुसावळकडे एक जण जुनं फर्निचर विकतो, ओळखीतल्याने त्याचा फोटो पाठवला. साडेपाच फुटी, दोन दारं, खाली दोन ड्रॉवर, वरून हिरवा ऑइल पेंट. म्हणे रेल्वे क्वार्टरातलं आहे, चाळीस वर्षं जुनं, आतून बर्मा टीक म्हणजे ब्रह्मदेशचा साग, फक्त रंग काढून घ्या.

लाकूड मला कळत नाही असं कोणी म्हणू नये. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलोय, धाब्याच्या घरातल्या सागवानी खांबाला टेकून अभ्यास केलाय. पण रंगाखालचं कोणाला दिसतं?

त्याने माझ्यासमोर दाराच्या चौकटीवर नखाने खरवडलं, रंगाची पापडी निघाली आणि खाली सोनेरी सागवान दिसलं. मी नाक लावून बघितलं, तेलकट वास होता, सागाचाच. तिथेच माझं डोकं चालायला पाहिजे होतं. चाळीस वर्षांचा ऑइल पेंट नखाने निघतो का हो? पत्रीने, म्हणजे खरवडायच्या पात्याने, घासून घासून हात दुखतात तरी निघत नाही. तेवढ्या वीतभर जागेवर त्याने मुद्दाम एकच हात मारून ठेवला होता. आणि गोडाऊनमध्ये टर्पेंटाइनचा वास मारत होता, ताज्या रंगाचा, तो मला आला होता. आला होता! मी म्हटलं दुसरं काहीतरी रंगवत असतील. ड्रॉवर ओढायला गेलो तर म्हणाला, "भाऊ, फुगेल शे, वढू नका, तुटी जाई." आणि चहा पुढे केला. अहिराणीत बोलत होता, "तुम्हले खोटं सांगसू का मी," म्हणाला, आपला माणूस वाटला, आणि मी हात मागे घेतला. ड्रॉवरचा तळ बघितला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. ड्रॉवर ओढू देत नसेल, मागची बाजू भिंतीपासून सरकवू देत नसेल तर सरळ निघून या.

१८,००० सांगितले, मी १४,५०० म्हटलं, लगेच हो म्हणाला. टेम्पोचे १,२००. बिल मागितलं तर म्हणे जुन्या मालाला बिल नसतं. पैसे स्कॅन करून दिले, नाव भलत्याच बाईचं आलं, तेही मी चालवून घेतलं.

रंग काढायला त्यानेच माणूस दिला. साडेसहा हजार ठरले, ४,००० अ‍ॅडव्हान्स आणि "स्पेशल रिमूव्हर"चे २,३४० वेगळे. त्याने आणलेल्या कॅनवर लेबल नव्हतं. बादलीत ओतताना पांढऱ्या चपट्या पापड्या पडल्या, पाणी टाकल्यावर बादली बाहेरून गरम झाली. तो कॉस्टिक सोडा होता. चांगला पेंट रिमूव्हर जेलसारखा असतो, लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, रंग फुगला की पत्रीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढायचा, उन्हाळ्यात वाळतो म्हणून वरून प्लास्टिक टाकायचं. कॉस्टिकने साग काळा पडतो, डिंकाचे जोड सुटतात, हात भाजतात ते वेगळं. आणि उरलेल्या रंगावर हा बाबा सुका पॉलिश पेपर मारायला लागला, माझा पाच वर्षांचा मुलगा तिथेच खेळत होता. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ पासून लागू झालीय, त्याच्या आधीच्या रंगात किती शिसं असेल काय सांगणार, जुना रंग कोरडा घासूच नका, पोरांना तर लांबच ठेवा. मी ओरडून थांबवलं. तो जेवायला म्हणून गेला, परत आलाच नाही, फोन बंद.

दुसऱ्या दिवशी आमच्या सुताराला बोलावलं. दाराच्या मधल्या फळ्या आंब्याच्या. आतल्या फळ्या प्लायच्या, कॉस्टिकने त्यांचे पापुद्रे सुटून पुस्तकासारखे उघडले होते. ड्रॉवरचा तळ वाळवीने खाल्लेला, भोकांमध्ये भुसा आणि फेविकॉल दाबून वर लांबी (पुट्टी) भरलेली. सागवान फक्त दाराच्या उभ्या पट्ट्यांना, जिथे नख मारलं तिथे.

मग पोलिस स्टेशन. पहिल्या ठिकाणी म्हणे हद्द आमची नाही, तिकडे जा. तिकडे गेलो, दोन तास बाकावर बसवलं, मग म्हणे तुम्ही राजीखुशीने घेतलं, हा दिवाणी मामला आहे, बिल आहे का? बिल असतं तर मी इथे कशाला आलो असतो! आता ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ कलम आहे, हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे मी वाचून गेलो होतो, बोलून दाखवलं तर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" शेवटी साधा अर्ज घेतला, पोच द्यायलासुद्धा कुरकुर. बँकेत गेलो, ते म्हणे पेमेंट तुम्हीच केलंय. एका हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं गाणं ऐकलं, मग दुकानाचा जीएसटी नंबर मागितला. गोडाऊनवर पाटीच नाही तर नंबर कुठून आणू? फसवणाऱ्याला काही विचारत नाही कोणी, सगळे प्रश्न मला.

ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. बिल नसलं तरी स्कॅनचे स्क्रीनशॉट, टेम्पोवाल्याचा नंबर, "बर्मा टीक" लिहिलेला मेसेज, सगळं जपून ठेवलंय, तुम्हीही असलं काही डिलीट करू नका. आणि घ्यायला जाल तेव्हा नख कुठे मारायचं ते तुम्ही ठरवा, फळीच्या खालून, मागून, तेही स्वतःच्या ब्लेडने.

कपाट गॅलरीत पडलंय, दारं काढलेली. वडील गावाहून आले होते, बघून काही बोलले नाहीत, पट्टीवरून हात फिरवला आणि आत जाऊन बसले.