नांतची वास्तुकला शाळा: रस्ता थेट गच्चीवर नेणारी इमारत

फ्रान्समधल्या नांत शहरात ल्वार नदीतलं बेट जहाजबांधणीवर जगत होतं. १९८७ मध्ये तिथली गोदी बंद पडली आणि बेटाचा पश्चिम भाग ओस पडला. मी गिरणगावात वाढले. भोंगा बंद झाल्यावर वस्तीचं काय होतं ते घरात बघितलंय, त्यामुळे त्याच बेटावरची ही शाळेची इमारत बघायचीच होती. लाकातों आणि वासाल या फ्रेंच वास्तुकार जोडीची, २००९ मध्ये पूर्ण झालेली. त्यांना २०२१ चं प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सगळ्यात मानाचं पारितोषिक मिळालं.

देखण्या दर्शनी भागाची हौस असेल तर निराशा होईल. लांबून ही बहुमजली पार्किंगच वाटते. काँक्रीटचे खांब, जाड स्लॅब, आणि बऱ्याच ठिकाणी भिंतीऐवजी पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकचे सरकते पत्रे.

खरी कमाल रॅम्पची. रस्त्यावरून चालता चालताच चढ सुरू होतो. ९, १६ आणि २३ मीटरवर तीन प्रशस्त पातळ्या, सगळ्यात वरची म्हणजे मोकळी गच्ची. माझ्यासोबतच्या सत्तरीच्या मावशी कुठेही न टेकता वर आल्या, कठड्याला रेलून नदी बघत बसल्या. वास्तुकलेशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण उठायला तयार नव्हत्या.

दुसरी मोठी गोष्ट, न मागता दिलेली जागा. बांधकामाचा सांगाडा साधा ठेवून जो पैसा वाचला त्यातून मूळ मागणीत नसलेली चार हजारांहून जास्त चौरस मीटर जागा काढली. वर्ग, स्टुडिओ यांच्या शेजारीच हे उंच, रिकामे हॉल आहेत. अमुक कामासाठी म्हणून ते राखलेले नाहीत. एका हॉलमध्ये दोन मुली डोक्याहून उंच प्लायवूडचं मॉडेल जोडत होत्या. एकीने पत्रा ढकलून बाजूला सारला, आणि मॉडेलचा उरलेला भाग सरळ बाहेरच्या गच्चीवर उभा राहिला. आमच्या कॉलेजात मॉडेल दारातून जाईल एवढंच करायचो!

या एकट्या शाळेने बेट उठवलं असं मी म्हणणार नाही. शेजारचं, वास्तुकार ज्याँ नुव्हेलचं न्यायालय २००० चं, पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारा यांत्रिक हत्ती २००७ चा. पण न्यायालयात माणूस काम असेल तरच जातो. शाळेमुळे तिथे पोरांची रोजची वर्दळ आली. परळला गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यांच्या गेटवर आधी नाव विचारतात. म्हणून हा रॅम्प मला फार मोलाचा वाटतो.

जादा हॉल मुद्दामच तापवलेले नाहीत, तेव्हा थंडीत जाणार असाल तर स्वेटर हवाच. ट्राम १ ने मेदियातेक थांब्यावर उतरा आणि पादचारी पुलावरून बेटावर या. गच्ची उघडी आहे का ते आधी विचारून घ्या, आणि लिफ्ट शोधू नका.