फाउंड्रीवाल्यांचा ग्रुप मुद्द्यावर ठेवायचा तर: कुलूप लावावं, कट्टा वेगळा काढावा की टेलिग्रामवर जावं?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि मशीन शॉपवाल्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप कामासाठीच निघतात. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, दोष कुणी ओळखून द्यावा, स्क्रॅपचा भाव कळावा, रिकाम्या मशीनला काम मिळावं, एवढीच अपेक्षा असते. मग सुप्रभात, वाढदिवस, निवडणुकीचे व्हिडिओ साचत जातात. "एसजी आयर्नमध्ये पिनहोल येताहेत, काय बघू?" (ओतीव लोखंडाच्या एका प्रकारात बारीक छिद्रं पडताहेत) असं दुपारी विचारलेलं संध्याकाळी शोधूनही सापडत नाही. ज्याला रात्री पुन्हा तीच हीट (भट्टीतली धातूची खेप) ओतायची आहे, त्याचा माल यात रिजेक्ट होतो. नवा ग्रुप काढणाऱ्यापुढे किंवा जुना सावरणाऱ्यापुढे मला तीन वाटा दिसतात.

फक्त अॅडमिनने लिहायचं

व्हॉट्सअॅपवर ही सोय 2018 पासून आहे. एक बटण दाबलं की ग्रुप शांत. सभेची वेळ, जीएसटीची शेवटची तारीख, प्रदर्शनाची माहिती एवढंच कळवायचं असेल तर हे उत्तम. चर्चेसाठी मात्र मी हा पर्याय कुणालाही सुचवणार नाही. ब्लोहोलचं (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणाऱ्या पोकळीचं) कारण अॅडमिनला नव्हे, मोल्डिंगवर (साचे बनवण्यात) वीस-पंचवीस वर्षं घालवलेल्या माणसाला माहीत असतं, आणि आपण त्याचंच तोंड बंद केलेलं असतं.

बरेच जण भीतीपोटी कुलूप लावतात: कुणी काही भलतंसलतं टाकलं तर गुन्हा अॅडमिनवर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं आहे की, केवळ अॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या पोस्टसाठी कुणी गुन्हेगार ठरत नाही. हे निकाल कर्नाटकाबाहेरचे आहेत, तरी विचाराची दिशा त्यातून कळते. शिवाय सदस्याची पोस्ट सगळ्यांच्या फोनवरून पुसायचा अधिकार अॅडमिनला आता आहेच.

कामाचा एक ग्रुप, गप्पांचा दुसरा

व्हॉट्सअॅपने 2022 मध्ये कम्युनिटी आणली. एका छत्राखाली सूचनांचा ग्रुप, कामाचा ग्रुप आणि कट्टा, असं मांडता येतं. माझा कौल यालाच. माणसं एकमेकांना ओळखतात, एकाच रस्त्यावर चहा पितात. त्यांना शुभेच्छा द्यायच्याच नाहीत असं सांगणं चालत नाही. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांची मिरवणूक निघाली की फोटो येणारच. ते कट्ट्यावर यावेत. ज्याला नको तो कट्टा म्यूट करेल, पण कामाचा ग्रुप कुणालाच म्यूट करावा लागू नये. उणीव एकच: जुनी चर्चा शोधणं कष्टाचं, आणि नव्याने आलेल्याला ती आपोआप दिसत नाही.

टेलिग्रामचे विषय

टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये विषयवार कप्पे करता येतात: दोष, सँड (साच्याची वाळू), भाव, जॉबवर्क. प्रत्येक कप्पा वेगळा म्यूट होतो. इतिहास खुला ठेवला तर नवा सदस्य मागचं सगळं वाचू शकतो. स्लो मोड लावला की एका माणसाला दोन संदेशांमध्ये ठरावीक वेळ थांबावंच लागतं, वाद पेटला असताना हे फार उपयोगी. मोबाइल नंबरही लपवता येतो. तेच ते प्रश्न पुन्हा येत असतील, कोल्हापूर-हुबळीकडची माणसंही जोडायची असतील, तर टेलिग्राम सरस. अडचण सवयीची आहे. शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर दिवसभर व्हॉट्सअॅपवर असतो, दुसरं अॅप तो उघडेलच असं नाही. आणि टेलिग्रामचे ग्रुप व्हॉट्सअॅपसारखे एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (मधल्या कंपनीलाही वाचता येऊ नयेत असे) नसतात. अर्थात गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग दोन्हीकडे टाकू नये.

आपल्याकडचा अवघड दिवस

1 नोव्हेंबरची तयारी मात्र अॅप कुठलंही निवडलं तरी करावी लागते. त्या दिवशी एकीकडे कन्नड राज्योत्सव, दुसरीकडे मराठी माणसाचा काळा दिवस. 17 जानेवारीला सीमालढ्याचा हुतात्मा दिन. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याबद्दल मला मनापासून वाटतं ते मी सभेत बोलतो. पण पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) मराठी माणसाकडून, मशीनिंग कन्नड माणसाकडून करून घेणाऱ्यांच्या ग्रुपात हा वाद शिरला की तांत्रिक प्रश्नाला उत्तर देतानाही माणसं आधी आडनाव बघू लागतात. ते मला सहन होत नाही.

म्हणून नियम ऑक्टोबरमध्येच लिहून पिन करावा आणि तो दोन्ही बाजूंना सारखा हवा: राज्योत्सवाचं पोस्टरही पुसायचं, काळ्या दिवसाचंही, आणि तेही त्याच तासाभरात. अॅडमिन दोन असावेत, एक मराठी, एक कन्नड, म्हणजे कुणी पुसलं यावरून संशय येत नाही. भाषेची सक्ती अजिबात नको. कन्नडमध्ये विचारलेला सँडचा प्रश्न विषयालाच धरून असतो आणि मराठीतलं राजकीय भाषण विषयाबाहेरचंच असतं.

प्रश्न कसा विचारावा हेही पिन करा, कारण अर्धवट प्रश्नामुळेही चर्चा भरकटते. दोषाचा फोटो, धातूचा ग्रेड, ओतण्याचं तापमान, सँडमधला ओलावा, कोअर (आतली पोकळी घडवणारा साच्यातला गाभा) कोणता, एवढं दिलं की जाणकार थेट मुद्द्यावर येतो. ग्रीन सँडचा (साच्याच्या ओलसर वाळूचा) ओलावा साधारण 3 ते 4 टक्क्यांच्या वर गेला असेल, तर ब्लोहोलचं निम्मं उत्तर त्या आकड्यातच असतं.

ओळखीपाळखीच्या, एकाच वसाहतीतल्या माणसांसाठी कम्युनिटी आणि कट्टा घ्या. सदस्य बाहेरगावचे, अनोळखी आणि प्रश्न मुख्यतः तांत्रिक असतील तर पहिल्या दिवसापासून टेलिग्राम घ्या. व्हॉट्सअॅपवर रुळलेला ग्रुप नंतर तिकडे हलवताना अर्धी माणसं मागेच राहतात.