रात्रीची झोप, कानातली शिट्टी आणि वनौषधी: वापरून पाहिलेल्या गोळ्या, काढे आणि थेंब

मला कर्णनाद आहे, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात सूर ऐकू येतो. माझ्या कानांत वाजणारी ही शिट्टी ६००० हर्ट्झच्या जरा खाली आहे. दोन्ही कानांत असते, उजवीकडे थोडी ठळक. ध्वनिसंकलन हा माझा व्यवसाय, त्यामुळे टोन जनरेटरवर सूर वरखाली सरकवून मी ती जुळवून ठेवली आहे: कितव्या पट्टीत आहे आणि बाहेरचा सूर किती मोठा केला की ती त्यात मिसळते. वनौषधींबद्दल लिहायला बसले ते याच कारणाने. ‘आवाज कमी झाल्यासारखा वाटतो’ असं बहुतेक परीक्षणांत वाचायला मिळतं. मला ते मोजता येत होतं, आणि प्रत्येक औषध चालू असताना मी त्याच खोलीत, त्याच हेडफोनवर मोजत राहिले.

वर्षानुवर्षं हेडफोन लावून काम केल्याचा हा परिणाम आहे. श्रवणचाचणीच्या आलेखात ४००० हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. मोठ्या आवाजाने दुखावलेल्या कानाची ती ओळखीची खूण. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, मेल्या की त्या पट्टीतला आवाज मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मग मेंदू स्वतःचं ‘गेन’, म्हणजे आवाज मोठा करण्याची पातळी, वाढवतो आणि जिथे बाहेरून काहीच येत नाही तिथलाच सूर ऐकू यायला लागतो, असं मानलं जातं. माणसाच्या शरीरात मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. कानासाठीची कुठलीही बाटली हातात घेताना ही गोष्ट डोक्यात ठेवावी, कारण बाटलीवरचा मजकूर ती विसरायला लावतो.

झोपेचा प्रश्न याला चिकटून येतो. खोली शांत झाली की शिट्टी वर येते, झोप लागत नाही. झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी शिट्टी जास्त छळते. म्हणून दुकानांत दोन्हींवर एकच गोळी विकली जाते. मी पहिल्यांदा आणली ती तसलीच होती. पाच वनस्पती, वर शांत झोपलेल्या बाईचं चित्र, आणि मागे पाचही वनस्पतींचं मिळून एकच वजन. कुठली किती, ते कुठेच नाही. हे औषध मी नापास करते, आणि फक्त गुण आला नाही म्हणून नव्हे. कुठल्या वनस्पतीचं प्रमाण किती हे माहीत नसेल तर बरं वाटलं तरी श्रेय कोणाला द्यायचं कळत नाही आणि त्रास झाला तरी काय थांबवायचं कळत नाही. त्यानंतर मी प्रत्येक वनस्पती सुटी आणली आणि एका वेळी एकच घेतली.

गिंको. कानाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नाव याचंच घेतलं जातं. पंख्यासारख्या पानांचं हे प्राचीन झाड. औषधात पानांचा अर्क असतो. चांगल्या अर्कावर गुणकारी मानल्या जाणाऱ्या घटकांचं, २४ टक्के फ्लॅव्होन ग्लायकोसाइड आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन, असं प्रमाण छापलेलं असतं. मी आणलेल्या पाकिटावर ते होतं, शिवाय ॲलर्जी आणू शकणारं गिंकगोलिक आम्ल मर्यादेत असल्याचंही लिहिलं होतं. वस्तू म्हणून उत्तम. गोळी छोटी, वास नाही, पोटाला त्रास नाही. पण माझ्या मोजणीतला आकडा जागचा हलला नाही. पट्टी तीच, पातळी तीच.

हा फक्त माझा अनुभव नाही. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक मोठी चाचणी आली: ११२१ माणसं, रोज १५० मिलिग्रॅम गिंको किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, १२ आठवडे. दोन्ही गटांत फरक नव्हता. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटलं आहे की दीर्घकाळ त्रास देणाऱ्या कर्णनादासाठी गिंको, मेलाटोनिन, जस्त किंवा इतर पूरक पदार्थ सुचवू नयेत. आता हे ‘निरुपद्रवी आहे, घेऊन बघा’ असंही नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा रोजचं ॲस्पिरिन चालू असेल तर गिंकोने रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. गिंकोबद्दल मी इतकं लिहिते आहे कारण कर्णनादाने हैराण झालेली माणसं याच्यावर सर्वांत जास्त आशा लावून बसतात, आणि त्या आशेचे महिने फुकट जातात.

व्हॅलेरियन. हे मात्र मी पुन्हा आणलं. व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिसची मुळी. आपल्याकडे आयुर्वेदात तगर म्हणतात ती याच कुळातली (बागेतली पांढऱ्या फुलांची तगर नव्हे). डबी उघडली की आंबूस, कुबट दर्प येतो, आणि तो हातालाही राहतो. तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. मुळी वाळताना आणि जुनी होताना तो वाढतो, त्यामुळे वास आला म्हणून माल खराब असं समजू नका. काढा करून पाहिला, तो मला गिळवला नाही, गोळीच बरी. युरोपच्या औषध संस्थेने कोरड्या अर्काची मात्रा ४०० ते ६०० मिलिग्रॅम, झोपण्याच्या अर्धा ते एक तास आधी, अशी दिली आहे, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे सलग घ्यावं लागतं असंही त्यात आहे. पहिल्या रात्री काही झालं नाही म्हणून डबी फेकणाऱ्यांनी हे वाचावं.

माझा अनुभव असा: झोप लागायला लागणारा वेळ थोडा कमी झाला, मध्यरात्रीचं जागं होणं तसंच राहिलं. सकाळी डोकं जड नव्हतं. शिट्टीवर परिणाम शून्य. यात मुळीचा वाटा किती आणि ‘गोळी घेतली, आता पडायचं’ या ठरलेल्या क्रमाचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये असं सुचवलं, पुरावा कमकुवत आहे हेही सांगून. तरी सौम्य आधार म्हणून मी त्याला चांगले गुण देते. मद्य किंवा झोपेच्या इतर गोळ्यांबरोबर घेऊ नये, गुंगी वाढते.

जटामांसी याच गुणासाठी विकली जाते, पण मी मुद्दाम आणली नाही. हिमालयातली ही वनस्पती मुळासकट उपटली जाते आणि ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. माझ्या झोपेसाठी ती संपावी असं मला वाटत नाही.

अश्वगंधेचं थोडं वेगळं. हिच्यावरच्या चाचण्या छोट्या असल्या तरी झोपेबाबत निकाल बरे आहेत, विशेषतः रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क आठ आठवडे किंवा जास्त घेतलेल्यांत. मला दिवसभराची आतली धडधड कमी झाल्याचं जाणवलं आणि त्यामुळे रात्री अंग सैल पडायचं. शिट्टी होती तिथेच होती; पण तिची भीती जरा ओसरली, आणि माझ्या मते ही खरी मिळकत आहे. पाकिटावर ‘मूळ’ असं स्पष्ट लिहिलंय ना ते पाहा, कारण पानांत विथाफेरिन ए हे पेशींना घातक ठरू शकणारं रसायन जास्त असतं. यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं, गर्भारपणात घेऊ नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठावेत. मी पाकीट संपल्यावर खंड घेतला आणि पुन्हा सुरू केली नाही.

कॅमोमाइलचा चहा छान लागतो. तेवढंच. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर तोही नको.

कानात घालायच्या लसूणतेलाबद्दल. आत्याने मोठ्या मायेने करून आणलं होतं. मी तिला शेजारी बसवून समजावलं, “आत्या, शिट्टी पडद्याच्या अलीकडे नाहीच गं, तेल तिथवर पोचायचंच नाही.” पडद्याला भोक असेल तर असलं तेल आतल्या बाजूला जाऊन अपाय करतं, आणि भोक आहे की नाही हे आरशात दिसत नाही. कानात मेणबत्ती लावून ‘विष ओढून काढणारे’ उपचार तर भाजण्याचा धोका घेऊनच येतात. या दोन्हींना माझ्याकडून शून्य. ‘नैसर्गिक वेदनाशामक’ म्हणून विलोच्या सालीचा अर्क घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की त्यातून शरीरात सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या जातीचं रसायन, तयार होतं आणि जास्त मात्रेत सॅलिसिलेट स्वतःच कान वाजवतं.

मग रात्र सुसह्य कशाने झाली? आवाजाने. जुळवणी करताना एक गोष्ट मला ठळक दिसली: एवढी छळणारी शिट्टी प्रत्यक्षात माझ्या ऐकण्याच्या उंबरठ्यापासून जेमतेम काही डेसिबल वर आहे. म्हणजे ती मोठी नाही, तिच्या आजूबाजूला काहीच नाही म्हणून ती मोठी वाटते. उशाशी पावसाचा ध्वनी लावला, शिट्टीपेक्षा किंचित खाली, ती पूर्ण झाकली जाणार नाही इतका. पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय होत नाही, असं एक मत आहे. सुरुवातीला मी नुसता पांढरा गोंगाट (सगळ्या पट्ट्यांचा एकसारखा सळसळता आवाज) वापरला, तो वरच्या पट्टीत टोचतो. पावसाचा किंवा वरचे सूर कमी केलेला आवाज कानाला मऊ लागतो. याला मी सर्वांत वरचे गुण देते, आणि यात पानमूळ काहीच नाही.

झोपेसाठी दुसरी मदत झाली ती निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराची. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आल्यावरच पलंगाकडे यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ बदलायची नाही. सुरुवातीचे दिवस कठीण जातात, चिडचिड होते, हे खरं आहे. पण वनौषधींपेक्षा याचा पुरावा कितीतरी भक्कम आहे, आणि कर्णनादाचा त्रास कमी करण्यासाठीही याच जातीचा उपचार सुचवला जातो.

आता माझ्या कपाटात व्हॅलेरियनची एक डबी आहे, प्रवासात किंवा कामाच्या ताणाच्या आठवड्यांत काढते. गिंको आणि मिश्रण-गोळी मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही. आणि काहीही विकत घेण्याआधी श्रवणचाचणी करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रानेच अनेकांची शिट्टी मागे सरते. फक्त एकाच कानात नाद असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर तपासणी लांबवू नका. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतो, आणि ते दिवस कुठल्याही काढ्यात घालवू नयेत.