जर्मनीत मुलांची शाळा: तिथली सरकारी की इंटरनॅशनल?

जर्मनीतल्या नोकरीचं पत्र हातात पडलं की घरात आधी पगार आणि घरभाड्याची चर्चा होते. पण मुलं शाळकरी वयाची असतील तर शाळेचं आधी ठरवा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगते. घर कुठे घ्यायचं, दुपारी मुलांना कोण सांभाळणार, सुट्टीच्या दिवशी कोणाकडे जाणं-येणं असणार, हे सगळं शाळेवरून ठरतं. शिवाय साधारण सहाव्या वर्षापासून शाळा कायद्याने सक्तीची आहे. घरी शिकवण्याची मुभा जवळपास नाहीच.

एक गैरसमज मात्र आधी दूर करायला हवा. आपल्याकडे ‘सरकारी शाळा’ म्हटलं की नाइलाजाने घातलेली शाळा असं वाटतं. इथे डॉक्टर, वकील, कंपनीतले साहेब, बहुतेकांची मुलं सरकारी शाळेतच जातात आणि तिथे फी नसते. इंटरनॅशनल शाळेची फी मोठ्या शहरांत एका मुलामागे वर्षाला साधारण 15 ते 25 हजार युरो पडते. मान्यताप्राप्त खाजगी शाळेच्या फीपैकी 30 टक्के रक्कम, पण जास्तीत जास्त 5,000 युरो, करपात्र उत्पन्नातून वजा होते. तेवढाच दिलासा. कंपनी फी भरणार असेल तर किती वर्षं भरणार, हे लेखी घ्या. दोन मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरायची असेल, तर एका पगारात ते बहुतेकांना झेपत नाही.

पण पैशापेक्षा भाषेचा प्रश्न मोठा आहे. सरकारी शाळेत नवं आलेलं मूल बहुधा आधी भाषेच्या तयारी वर्गात जातं. बर्लिनमध्ये त्याला विल्कोमेन्सक्लास म्हणतात, बव्हेरियात डॉइचक्लास. शिक्षण हा 16 राज्यांचा आपापला कारभार असल्याने नावं आणि नियम राज्यागणिक बदलतात. पहिली-दुसरीतल्या मुलांना बऱ्याच ठिकाणी थेट नेहमीच्या वर्गात बसवून जर्मनचे जादा तास देतात. सुरुवातीचे काही महिने मूल वर्गात अगदी गप्प असतं. आईबापांना ते बघवत नाही. मग एखाद्या दुपारी खालून बेल वाजते. शेजारच्या इमारतीतला वर्गमित्र विचारतो, याला खेळायला पाठवता का? थोड्या वेळाने खिडकीतून ऐकू येतं, की चेंडू कोणाचा यावरून आपलं लेकरू जर्मनमधून तावातावाने भांडतंय. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि मित्र त्याच गल्लीतले असतात, म्हणून हे घडतं.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. कॅनडातले भाषाअभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय, की रोजच्या बोलण्याची भाषा दोनेक वर्षांत येते, पण इतिहासाचं उत्तर लिहिण्याइतकी अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणूनच मुलाचं वय निर्णायक ठरतं. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पुढे गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, की दुसरी शाळा, याची विभागणी होते. बव्हेरियात थेट गिम्नाझियमसाठी जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली लागते. तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम श्रेणी. तिसरीत आलेल्या मुलासाठी ही फार कमी मुदत आहे. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, त्यामुळे दोन वर्षं जास्त मिळतात.

भाषेची ही कसरत पालकांनाही करावी लागते. सरकारी शाळेची पालकसभा, म्हणजे एल्टर्नआबेंड, संध्याकाळी भरते. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून सहल, पोहण्याचा तास, पालक प्रतिनिधीची निवड हे सगळं जर्मनमधून ऐकायचं. दमछाक होते खरी, पण नोकरी नसलेल्या जोडीदाराची इथल्या लोकांशी ओळख बहुधा इथूनच सुरू होते. अडचण दुपारची. अनेक प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात आणि होर्टमध्ये, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरात, जागा मिळवावी लागते. 1 ऑगस्ट 2026 पासून पहिलीतल्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क मिळतो आणि 2029 पर्यंत तो चौथीपर्यंत पोहोचतो.

इंटरनॅशनल शाळेत यातलं बरंच सोपं होतं. शिकवणं इंग्रजीतून, शिक्षकांना नव्या मुलांची सवय, आणि पुढे देश बदलला तरी अभ्यासक्रम बहुधा तोच राहतो. पण वर्गमित्र शहरभर विखुरलेले असतात, खेळायचं तरी आईबापांनी वेळ ठरवून गाडीने सोडायचं. जिवाभावाचा मित्र दोन वर्षांत वडिलांच्या बदलीबरोबर निघून जातो, आणि जर्मन शिकायची गरज घरात कोणालाच भासत नाही. आणखी एक गोष्ट: आयबी डिप्लोमावर, म्हणजे अनेक इंटरनॅशनल शाळांत शेवटी मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय शालान्त प्रमाणपत्रावर, जर्मन विद्यापीठात जायचं असेल तर विषयांच्या अटी आहेत. अकरावीत विषय निवडतानाच त्या तपासा.

मला विचाराल तर मूल आठ वर्षांच्या आतलं असेल आणि परतीची तारीख ठरलेली नसेल, तर डोळे झाकून सरकारी शाळा. तेरा-चौदाचं मूल असेल आणि दोन-तीन वर्षांचाच करार असेल, तर इंटरनॅशनल. त्या वयात वर्षभर मुकं बसवणं मुलावर अन्याय आहे. खरी ओढाताण नऊ ते बाराच्या मधल्यांची होते. शहर निवडायची संधी असेल तर त्यांच्यासाठी बर्लिनचा विचार करा. तिथे 1992 पासून सरकारी युरोपा-शूले आहेत. शिक्षण जर्मन आणि दुसऱ्या एका भाषेत निम्मं-निम्मं, तेही विनाशुल्क. इंग्रजीची शाखा आहे, पण भाषेची चाचणी द्यावी लागते आणि जागा कमी असतात.

शहर ठरलं की तिथल्या शूलआम्टला, म्हणजे शिक्षण कार्यालयाला, ईमेल करा. तयारी वर्ग कोणत्या शाळांत आहेत, मूल त्यात किती काळ राहतं, दुपारची सोय मिळेल का आणि शाळा पत्त्यावरून ठरते का, एवढं विचारा. घर शोधायचं ते त्या उत्तराच्या हिशोबाने.