जळगावच्या ऑफिसात स्वतःचा गिट सर्व्हर: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याला ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपची पूजा केली आणि त्याच दिवशी त्यावर फोर्जेयो चढवले. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या प्रणालीचा सर्व्हर चालवणारे हे सॉफ्टवेअर. चार जीबी रॅम, लिनक्स, डेटाबेस एसक्यूलाइट. आम्ही पाच जण कापसाच्या जिनिंगसाठी आणि केळीच्या व्यापाऱ्यांसाठी वजनपावती आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर करतो. सर्व्हर लावायला एक दुपार पुरली.

फोर्जेयो हे २०२२ मध्ये गिटी या अशाच सॉफ्टवेअरमधून फुटून निघाले. एस्पेरांतो भाषेत या नावाचा अर्थ लोहारशाळा. मला ते नाव मनापासून आवडते.

गिटहब या बाहेरच्या सेवेवर खाजगी रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) फुकट मिळते, तेव्हा पैसे वाचवायला हे केले नाही. आमचा त्रास नेटचा होता. दुपारी नेट गेले की एकाचे काम दुसऱ्यापर्यंत पोचायचे नाही. आता ऑफिसच्या वायफायवरच पुश-पुल (आपले बदल सर्व्हरला देणे, इतरांचे घेणे) होते, बाहेरचे नेट असो वा नसो.

खरी परीक्षा हंगामात झाली. धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या खोलीत मोबाइलला रेंजच नाही. तिथे आम्ही गिट बंडल वापरतो. सगळा इतिहास एका फाइलमध्ये बांधायचा, पेनड्राइव्हवर न्यायचा आणि तिथल्या संगणकावर त्यातूनच क्लोन करायचे, म्हणजे पूर्ण प्रत काढायची. पुढच्या खेपेला फक्त नवीन कमिटांचे (नोंदवलेल्या बदलांचे) बंडल न्यायचे, ते काही केबींचे असते. तिथे बसून केलेली दुरुस्ती त्याच वाटेने परत येते, लेखकाच्या नावासकट आणि तारखेसकट.

डिसेंबरात पावतीवर हमाली दोनदा वजा होऊ लागली. शेतकऱ्याच्या हातात कमी पैसे जाणार, म्हणजे हा गंभीर प्रकार. मधल्या काळात सव्वाशेच्या आसपास कमिट झालेले. गिट बायसेक्ट लावले, ही आज्ञा दर वेळी शोधाचा पल्ला निम्मा करते; दर वेळी मधला कमिट उघडून तीच पावती काढून पाहिली, आणि सातव्या वेळी नेमका बदल सापडला: घट वजा करण्याची ओळ हलवताना हमालीची ओळही कॉपी झाली होती. तासाभरात दुरुस्ती जिनिंगवर गेली. नुसत्या झिप फाइली ठेवत होतो त्या काळात याला दोन दिवस गेले असते.

आता मे महिन्याचे सांगतो. पारा ४५ च्या वर, वीज सारखी ये-जा करत होती, इन्व्हर्टरची बॅटरीही संपली. वीज आली तेव्हा हार्डडिस्क उठलीच नाही. अमळनेरचा आमचा सहकारी धावत आला, "काय व्हयनं, भाऊ?" मी निर्धास्त होतो. गिट वितरित आहे, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास आहे. कोडच्या बाबतीत ते खरेच निघाले. नवीन डिस्कवर रिकाम्या रिपॉझिटरी केल्या आणि लॅपटॉपवरून पुश केले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: साध्या क्लोनमध्ये इतरांच्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) ओरिजिनच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, नावाखाली असतात. 'सगळ्या ब्रँच पुश कर' म्हटले तरी त्या जात नाहीत, वेगळ्या ढकलाव्या लागतात.

पण इश्यू (तक्रारींच्या नोंदी) गेले. कुठल्या व्यापाऱ्याने काय तक्रार केली, कोणी काय उत्तर दिले, पुल रिक्वेस्टवरच्या (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवरच्या) चर्चा हे सगळे सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असते, क्लोनमध्ये येत नाही. आमचा शेवटचा बॅकअप एकवीस दिवस जुना होता. तीन आठवड्यांच्या तक्रारी फोन करून पुन्हा गोळा केल्या, त्यातल्या काही कोणालाच आठवल्या नाहीत. विकी (माहितीची पाने) तेवढी बचावली, कारण ती स्वतःच एक गिट रिपॉझिटरी असते आणि एकाने ती क्लोन केलेली होती.

तेव्हापासून रोज रात्री नऊला फोर्जेयोचा डंप (डेटाबेससकट सगळ्याचा बॅकअप) दुसऱ्या डिस्कवर जातो, शिवाय रिपॉझिटरींची मिरर, म्हणजे हुबेहूब, प्रत बाहेरच्या सर्व्हरवर. दर शनिवारी कोणीतरी एक जण तो डंप आपल्या लॅपटॉपवर उघडून इश्यू दिसतात का ते पाहतो. एकट्याने काम करणाऱ्याला मी हा खटाटोप सांगणार नाही, त्याला बाहेरची सेवा पुरते. चार-पाच जण एका छताखाली बसत असतील आणि नेट बेभरवशाचे असेल, तर जरूर लावा, पण डंपची वेळ पहिल्याच दिवशी ठरवा. आमची एक अडचण अजून सुटलेली नाही: पावत्यांचे स्कॅन केलेले नमुने सुरुवातीलाच रिपॉझिटरीत टाकले गेले, त्यामुळे प्रत्येक नवीन क्लोनला ते ओझे ओढावे लागते. इतिहासातून ते काढायचे तर पाचही जणांना नव्याने क्लोन करावे लागेल. ते काम पुढचा हंगाम सुरू होण्याआधी करायचे ठरले आहे.