‘५.१ सराउंड’च्या नावाखाली ४७,७०० रुपयांची टोपी

आधी आकडे सांगून टाकतो, घरात दोन महिने तेच ऐकतोय. हँडीकॅम ३८,५००. त्यावर बसवायचा ‘सराउंड माइक’ ६,८००. मेमरी कार्ड २,४००. एकूण ४७,७००. त्यातले २०,००० यूपीआयने, २७,७०० रोख. पक्कं बिल नाही. का नाही ते पुढे येईल, हसायचं असेल तर तिथे हसा.

निमित्त अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. त्यांच्या भजनी मंडळातले आता सातच जण उरलेत. सगळे गोल करून बसतात, मध्ये समई. मला वाटलं, फोनवर व्हिडिओ सगळेच काढतात. आपण असं करू की उद्या होम थिएटरवर लावलं तर टाळ मागून ऐकू यावेत, पखवाज उजवीकडून. यालाच ५.१ सराउंड म्हणतात: भोवती पाच स्पीकर आणि एक खर्जाचा, प्रत्येकाला आवाजाचा वेगळा प्रवाह म्हणजे चॅनेल, असे सहा. ही म्हणते, हौस नडली. असेल. पण वडिलांसाठी हौस करायची नाही तर कोणासाठी?

दुकान जुन्या पेठेतलं. बसा साहेब, चहा घ्या, शेवटचा पीस आहे, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. पेटीवरचं नाव असं, की घाईत वाचलं तर ओळखीच्या जपानी कंपनीचं वाटावं. पेटीवर ना आयात करणाऱ्याचा पत्ता, ना एमआरपी. बाहेरून आलेल्या मालावर दोन्ही छापणं सक्तीचं आहे, हे मला आता माहीत झालंय.

पण माझं डोकं फिरतं ते डेमोवर. दुकानदाराने काउंटरवरचा कॅमेरा अँप्लिफायरला जोडला आणि म्हणाला, "काल रात्री गच्चीवर शूट केलंय, ऐका." पाऊस. डोक्यामागे गडगडाट. अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी मला वायर दिसत होती. पिवळी, लाल, पांढरी. पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. म्हणजे आवाजाचे चॅनेल दोन! दोन पिनांतून सहा वेगळे चॅनेल जातील कसे? अँप्लिफायरवर निळ्या अक्षरांत ‘प्रो लॉजिक’ लागलेलं होतं, तेही वाचलं. दोन चॅनेलमधून पाच स्पीकरना आवाज वाटून देण्याची ती युक्ती. त्यात मागून आवाज येतो, पण कॅमेऱ्याने ५.१ मध्ये नोंदवलाय हे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. घरचं होम थिएटर मी स्वतः जोडलंय हो! पाहुण्यांना पाचही स्पीकर वाजवून दाखवतो. तरी तोंड उघडलं नाही. शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मी मघापासून जाणकारासारखी मान डोलवत होतो. शेवटी एवढंच विचारलं, "आत्ता इथलाच आवाज रेकॉर्ड करून ऐकवता का?" तर म्हणे, याची बॅटरी उतरलीय आणि नव्याचं सील फोडलं तर रिप्लेसमेंट मिळत नाही. तिथेच उठायला हवं होतं. सील फोडून समोर रेकॉर्डिंग ऐकवत नसेल, तर चहा अर्धा टाकून निघा.

बिलाचं असं, की तो म्हणाला पक्कं हवं तर वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ८,५८६ रुपये. ते मी वाचवले. हसलात?

कार्यक्रमानंतर होम थिएटरवर लावलं, तर भट्टीवर पाणी उकळावं तसा एकच सूं-सूं आवाज. मधूनमधून माझं खोकणं आणि "अरे, ती खुर्ची सरकव", ते मात्र खणखणीत. पुतण्याने फाइल संगणकावर ऑडासिटी या आवाज तपासायच्या प्रोग्राममध्ये उघडली. डावा-उजवा दोन्ही पट्टे हुबेहूब सारखे. त्याने एक उलटा करून दुसऱ्यात मिसळला, तर दोन्ही एकमेकांना खोडून सगळं शांत. "काका, हे स्टिरिओसुद्धा नाही. एकच माइक आहे, दोनदा लिहिलाय." मग त्या ६,८०० च्या माइकचे स्क्रू काढले. बाहेर पाच जाळीदार भोकं, आत चणाडाळीएवढा एक दाणा, दोन तारांना डाग दिलेला. बाकीच्या चार जाळ्यांमागे नुसतं प्लास्टिक.

खरे ५.१ नोंदवणारे हँडीकॅम आहेत, हे नाकारत नाही. सोनीच्या एएक्स५३ मध्ये ती सोय आहे. त्याच कंपनीच्या स्वस्त सीएक्स४०५ मध्ये दोनच चॅनेल. पण कॅमेऱ्यावरचे ते माइक बोटभर जागेत बसवलेले असतात आणि मागच्या बाजूला उभे असतो आपण, म्हणजे मागून येणार आपलाच श्वास. शिवाय फोनवर किंवा साध्या टीव्हीवर लावलं की सगळं दोन चॅनेलवर येतं. त्यापेक्षा बाहेरचा माइक जोडायचं आणि हेडफोनचं भोक आहे का ते बघा. सीएक्स४०५ ला बाहेरच्या माइकची सोय नाही, एएक्स५३ ला दोन्ही आहे. पुतण्याचा फोन सतरंजीवर पखवाजाशेजारी पडला होता, त्यात साडेसहा मिनिटं स्वच्छ आलीत. अण्णा तेवढीच ऐकतात.

आता यंत्रणा. दुकानदार म्हणाला, ही कच्च्या बिलाची चिठ्ठी आमची नाही. यूपीआयचा क्यूआर दुकानाच्या नावाचा नव्हताच, कुणा भलत्याच माणसाचा होता. पैसे टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचत चला. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "आवाज येतो ना? मग फसवणूक कशी?" मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ काढलं, तर "वकील आहात का?" पेटीवर एमआरपी नाही म्हणून वजनमापांच्या कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी अर्ज तीन प्रतींत हवा. तिसऱ्या दिवशी बिल कुठाय? बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? वर तिथलाच एक जण म्हणाला, कच्च्या बिलावर घेतलंत म्हणजे तुम्हीही त्यात आलातच. हे ऐकायला मी रजा टाकली होती.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, म्हणून ऑनलाइन तक्रार टाकली. चार वेळा त्रुटी निघाली. तीनदा बिल मागितलं. चौथ्यांदा, पुरावा म्हणून जोडलेल्या ध्वनिमुद्रणाची ‘स्वाक्षरीसह छापील प्रत’ जोडायला सांगितलंय. टाळांची छापील प्रत कुठे काढून मिळते, कोणाला माहीत असेल तर कळवा.