सेकंडहँड ट्रेनरला फ्लोट लावले, त्याचे सहा महिने

सप्टेंबरअखेर घेतलेलं विमान मार्चअखेर माळ्यावर चढलं. बिघडलं म्हणून नाही, तलावातलं पाणी संपलं म्हणून. मराठवाड्यात पाण्यावरचं विमान बाळगायचं तर हा हिशोब आधी डोक्यात पाहिजे.

विमान रिमोटवरचं आहे, दीड मीटर पंखाचं. खरं विमान घेऊन फ्लोट, म्हणजे चाकांऐवजी होडीसारखे दोन तरंगे, लावणारे कॅनडा-अलास्काकडे; आपल्याकडे पाझर तलाव आणि वाळूजच्या नोकरीतला रविवार. पण निवडीचे नियम बरेचसे तेच निघाले. तिकडे १५० हॉर्सपॉवरचं सेसना १७२ फ्लोटवर जेमतेम समजतात आणि २३० हॉर्सपॉवरचं सेसना १८० शोधत फिरतात. कारण पाण्यातून सुटताना लागणारी ताकद चाकांवर लागतच नाही.

मी तीन विमानं पाहिली. पहिलं बाल्साच्या हलक्या लाकडाचं, नायट्रो इंधनाच्या इंजिनचं. दिसायला नवरदेव. पण नाकाशी बोट दाबलं तर लाकूड तेल पिऊन मऊ झालेलं. त्यात पाणी गेलं की वजनही वाढणार आणि जोडही सुटणार. दुसरं खाली पंख असलेलं लढाऊ विमान, वेगाला एक नंबर. पण पंख फ्लोटच्या इतके जवळ की पहिल्याच तिरक्या लाटेला टोक पाण्यात. तिसरं लातूरच्या एका कॉलेजच्या पोराचं फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं विमान, वर पंख, पोटाला पोचे, रंग उडालेला. ९,००० रुपयांत ठरलं.

तिसरंच का, तर मी रंग बघितला नाही, पोट बघितलं. चाकांच्या तारा ज्या ठोकळ्यात बसतात, त्याच ठोकळ्यावर फ्लोटचा सगळा मार येतो. तो ठोकळा उपटून परत ग्लू-गनने चिकटवलेला असेल तर विमान तिथंच सोडा. याचा पक्का होता. खऱ्या विमानांतही जुनं घेताना कारखान्यातूनच फ्लोटचे जोड आणि गंजरोधक लेप असलेलं मिळालं तर लोक जास्त पैसे मोजतात, ते उगाच नाही.

एक गोष्ट मात्र मी हुकलो. "पाण्याजवळ कधी नेलंच नाही सर," असं पोरगं म्हणालं आणि मी मान डोलावली. घरी मोटर काढली तर चारही स्क्रू तांबूस. हाताने फिरवल्यावर बेअरिंग खरखरत होतं. बेअरिंग बदलायला ३५० रुपये गेले. तेव्हा प्रॉप (पुढचा पंखा) काढून मोटर कानाशी धरून फिरवायची, मालक काहीही म्हणो.

फ्लोट मी घरीच केले, छताच्या उष्णतारोधक फोमशीटचे. विमान १,३५० ग्रॅम, फ्लोट-तारा ४२० ग्रॅम. खऱ्या फ्लोटना पेलायच्या वजनापेक्षा ८० टक्के जादा तरंगशक्ती आणि प्रत्येकी किमान चार बंद कप्पे लागतात. तोच हिशोब धरून दोन्ही मिळून ३.२ लिटरचे केले. कप्प्यांची गरज नव्हती, फोम बुडतच नाही. लांबी विमानाच्या धडाच्या पाऊणपट, आणि टोक प्रॉपच्या पुढे, नाहीतर पाणी थेट प्रॉपवर. वॉटमीटरवर ३७० वॅट येत होते, म्हणजे किलोला २०० च्या वर. तेवढे लागतातच. प्रॉपही ११ बाय ८ (इंचांत व्यास आणि पात्यांचा पीच) काढून १२ बाय ६ लावला. वेग घटला, ओढ वाढली.

जागा शोधायला मात्र महिना गेला. जायकवाडीचा नाथसागर डोळ्यांसमोर होता, पण तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. रोहितांच्या थव्यात विमान घालणं नियमातही बसत नाही आणि मनालाही पटत नाही. शेवटी फुलंब्री तालुक्यातला एक पाझर तलाव मिळाला, चिकलठाणा विमानतळापासून लांब, डिजिटल स्कायच्या (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी) नकाशावर हिरवा. सरपंचांना भेटलो, मासेमारीच्या ठेकेदारालाही भेटलो. त्याच्या जाळ्यांत फ्लोट अडकले तर भांडण आपलंच.

पहिल्या दिवशी विमान उडालंच नाही. पूर्ण थ्रॉटलवर स्पीडबोटसारखं पळालं, पाण्यावर चढलं, पण नाक वर उचलेना. काठावर शेळ्या घेऊन बसलेले मामा म्हणाले, "पाण्यावर कामून सोडायले? रानात सोडा की." घरी येऊन मोजलं तर फ्लोटच्या तळाची पायरी सीजीच्या (विमानाच्या तोलबिंदूच्या) ४० मिलिमीटर मागे. ही पायरी पाण्याची पकड तोडते आणि विमान तिच्यावरच मागे झुकतं. ती मागे पडली की शेपूट खाली जातच नाही. फ्लोट २५ मिलिमीटर पुढे सरकवले आणि पुढच्या रविवारी विमान जेमतेम २० मीटरमध्ये सुटलं. मामा उठून उभे राहिले. त्या दिवसापासून ते आमच्या बाजूचे.

हवेत ते शेपूट हलवत होतं, कारण फ्लोटची बाजू सगळी पुढे येते. शेपटीखाली पोस्टकार्डाएवढा पत्रा लावल्यावर शांत झालं.

डिसेंबरच्या सकाळी तलाव आरशासारखा असतो. फोटोला छान, विमानाला वाईट. सपाट पाणी फ्लोट सोडत नाही, आणि उतरताना पाणी नेमकं कुठं आहे ते कळत नाही. विमान अजून हवेतच आहे असं समजून मी ते आपटवलं, उलटं झालं. उलटं विमान तरंगतं, पण ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, पाण्यात. मी बूट काढायला लागलो तर मासेमारी करणारे एक भाऊ थर्माकोलच्या तराफ्यावर जाऊन घेऊन आले. म्हणाले, "आमचंबी थर्माकोल, तुमचंबी थर्माकोल." विमानामागे पोहत जायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं, तळाला गाळ आणि जाळी दोन्ही असतात. ईएससी गेला, १,४०० रुपये. नवा पंखाखाली उंच बसवला आणि रिसीव्हरच्या सर्किटला बायकोच्या पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले. त्यानंतर दोनदा उलटलं, काही झालं नाही. बायकोला नवी बाटली आणून द्यावी लागली ती वेगळी.

आता आरशासारखं पाणी असलं की वारा सुटायची वाट पाहतो, किंवा पळत असताना एलेरॉनने (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीने) एक फ्लोट आधी उचलतो. एक सुटला की दुसरा लगेच सुटतो.

ज्यांच्याकडे आधीपासून फोमचं ट्रेनर आहे त्यांनी नवीन घेऊ नये, तेच वापरावं. ज्यांना उडवायला शिकायचंय त्यांनी आधी चाकांवर शिकावं. पाण्यावर ब्रेक नसतो आणि थांबून विचार करायला जागाही नसते. बॅटरी फ्लोटवर दीडएक मिनिट लवकर संपते. माझी ३,२०० एमएएचची ८ मिनिटं जाते, मी ६ ला उतरवतो. काठापासून दूर मोटर थांबली की पुढचं सगळं वाऱ्याच्या हातात.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी इतकं हटलं की काठापासून चिखलातून ६० पावलं जावं लागे. आता तिथे जेसीबी लागलाय, ट्रॅक्टर गाळ भरभरून शेतांवर नेतायत. मामांनी फोन करून सांगितलं, तुमची बाजू चांगली तीन हात खोल केलीय. मी फ्लोटच्या तळाला नवीन टेप मारून ठेवलीय.